मेल सर्व्हर सांभाळण्याची साधने लिहायची आहेत, तर प्रोग्रामिंग भाषा कोणती निवडावी?

गोव्यात मेल सर्व्हर सांभाळण्याचे काम क्वचितच स्वतंत्र पद म्हणून मिळते. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील कारखाना असो, पणजीत पाटोवरचे कार्यालय असो की कळंगुटच्या पट्ट्यातील हॉटेल असो, जो माणूस संगणक, वाय-फाय, कॅमेरे आणि प्रिंटर पाहतो, त्याच्याच गळ्यात एके दिवशी मेल सर्व्हरही पडतो. सुरुवातीला सगळे हाताने केले जाते: रांगेत किती मेल अडकले आहेत ते पाहणे, नव्या कर्मचाऱ्याचा मेलबॉक्स उघडणे, ‘आमचे कोटेशन पोहोचले का’ या प्रश्नासाठी लॉग चाळणे. मग ही कामे करणारी छोटी साधने आपणच लिहावीत असे वाटू लागते आणि ती कोणत्या भाषेत लिहावीत, या प्रश्नाशी माणूस अडतो. हा लेख त्या टप्प्यावर असलेल्या नवख्यांसाठी आहे.

लिनक्सवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) ही जोडी चालते, असे इथे गृहीत धरले आहे. पोस्टफिक्सऐवजी एक्झिम वापरणाऱ्यांनाही बराचसा भाग लागू पडेल. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सांभाळणाऱ्यांनी मात्र सरळ पॉवरशेल शिकावी. त्या व्यवस्थेची देखभालच पॉवरशेलच्या कमांडवर उभी असल्यामुळे तिथे निवडीचा प्रश्न फारसा उरत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी हाताशी काय असावे

- चालू सर्व्हरवर जी लिनक्स आवृत्ती आहे, नेमकी तीच असलेले एक चाचणीचे व्हर्च्युअल मशीन. त्यावर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट बसवलेले असावेत.
- चाचणीसाठी एक सबडोमेन आणि त्याच्या डीएनएस नोंदी बदलण्याचा अधिकार.
- चालू सर्व्हरच्या किमान एका आठवड्याच्या लॉगची प्रत. लॉगमध्ये कोण कोणाशी बोलतो हे दिसते, त्यामुळे ही प्रत घेण्याची परवानगी व्यवस्थापनाकडून लेखी घ्यावी.
- सर्व्हरवर आधीपासून असलेल्या सर्व क्रॉन नोंदींची (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची) आणि स्क्रिप्टांची यादी.
- आरएफसी ५३२१ आणि ५३२२ हे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज. पहिल्यात एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीचे, नियम आहेत आणि दुसऱ्यात मेलच्या रचनेचे. पूर्ण वाचण्याची गरज नाही, पण शंका आली की तिथेच जावे.
- चाचणीचे मेल पाठवण्यासाठी स्वाक्स हे साधन, आणि लिहिलेल्या प्रत्येक ओळीचा इतिहास ठेवण्यासाठी गिट.

१. साधन मेलच्या वाटेवर उभे राहणार की वाटेच्या कडेला, हे आधी ठरवा

भाषांची तुलना करण्यापूर्वी एका कागदावर आपल्याला हव्या असलेल्या साधनांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहावी: हे साधन मध्यरात्री बंद पडले, तर मेल थांबेल का?

लॉग वाचून सकाळी अहवाल देणारे साधन, रांगेची लांबी मोजणारे साधन, मेलबॉक्स उघडणारी स्क्रिप्ट, डीकेआयएमची (मेलवरील डिजिटल सहीची) नोंद डीएनएसमध्ये शाबूत आहे का ते तपासणारी स्क्रिप्ट ही सगळी वाटेच्या कडेची साधने आहेत. ती बंद पडली तरी मेल येत-जात राहतो. अशी साधने लिहिताना वेग, स्मृतीचा वापर, एकाच वेळी येणाऱ्या विनंत्या यांची चिंता करण्याचे कारण नसते. ज्या भाषेत तुम्हाला चटकन आणि स्वच्छ लिहिता येते, ती चालते.

वाटेवरच्या साधनांचा प्रकार वेगळा. प्रत्येक मेलच्या वेळी पोस्टफिक्स ज्याला विचारून पुढे जातो, असे प्रोग्राम तीन प्रकारचे असतात. पहिली पॉलिसी सेवा: पोस्टफिक्स तिला प्रेषक, प्राप्तकर्ता, समोरच्याचा आयपी पत्ता, लॉगिन केलेल्या वापरकर्त्याचे नाव असे तपशील ओळीओळीने देतो, शेवटी एक कोरी ओळ पाठवतो आणि उत्तरात काय करायचे ते ऐकतो. दुसरा मिल्टर, जो मेलचा मजकूरही पाहू आणि बदलू शकतो. तिसरा प्रकार म्हणजे पाइपने जोडलेली स्क्रिप्ट, जिच्या हाती पोस्टफिक्स अख्खा मेल सोपवतो.

पॉलिसी सेवा किंवा मिल्टर पडला, तर मूळ मांडणीत पोस्टफिक्स समोरच्या सर्व्हरला तात्पुरत्या अडचणीचे उत्तर देतो आणि तो सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्समध्ये न गेलेला मेल रांगेत ठेवण्याची मूळ मुदत ५ दिवसांची आहे, त्यामुळे पलीकडेही पोस्टफिक्स असेल तर दुरुस्तीला वेळ मिळतो. मात्र तुमच्याच कार्यालयातील लोकांचा मेल या सेवेतून जात असेल, तर त्यांना आउटलुकमध्ये तत्काळ त्रुटी दिसते आणि पाच मिनिटांत फोन वाजतो.

पाइपच्या स्क्रिप्टमध्ये याहून वाईट सापळा आहे आणि नवख्यांचा पाय नेमका तिथेच पडतो. स्क्रिप्ट संपताना जो आकडा मागे ठेवते, त्यावरून पोस्टफिक्स निर्णय घेतो. शून्य म्हणजे काम झाले. ७५ म्हणजे तात्पुरती अडचण आहे, नंतर पुन्हा पाहू. पायथनचा प्रोग्राम न पकडलेल्या त्रुटीमुळे कोसळला, तर तो १ हा आकडा मागे ठेवतो आणि पोस्टफिक्स त्याचा अर्थ कायमचे अपयश असा घेऊन मेल प्रेषकाला परत करतो. म्हणजे तुमचा डेटाबेस दोन मिनिटे बंद होता, एवढ्याच कारणाने ग्राहकाचा आरक्षणाचा मेल त्याच्याकडे परत जातो. भरीस भर म्हणजे, स्क्रिप्टने बाहेर टाकलेला त्रुटीचा मजकूर परतीच्या मेलमध्ये जोडला जातो, त्यामुळे तुमच्या फोल्डरांची नावे आणि प्रोग्रामच्या ओळीही त्या ग्राहकाला वाचायला मिळतात. उपाय सोपा आहे: सगळा प्रोग्राम एका मोठ्या ‘ट्राय’मध्ये (त्रुटी पकडणाऱ्या रचनेत) ठेवावा, त्रुटी लॉगमध्ये लिहावी आणि ७५ देऊन बाहेर पडावे. भाषा कोणतीही असो, ही पहिली तपासणी.

२. सर्व्हरवर आधीच काय आहे ते पाहा

तुमच्या आधी कोणीतरी तो सर्व्हर सांभाळलेला असतो. फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेला एखादा हुशार मुलगा दोन वर्षे काम करून पुण्याला किंवा बेंगळुरूला गेलेला असतो आणि त्याच्या स्क्रिप्टा मागे उरलेल्या असतात. त्या कोणत्या भाषेत आहेत, त्या अजून चालतात का आणि नेटवर्कचे काम बाहेरून ज्यांच्याकडे दिले आहे त्यांना त्यातले काय समजते, हे पाहिल्याशिवाय नवी भाषा आणू नये. एका सर्व्हरवर पाच भाषांतल्या सहा स्क्रिप्टा असणे, हा तुमच्यानंतर येणाऱ्यावर अन्याय आहे.

याच टप्प्यावर हेही पाहावे, की हवे असलेले साधन आधीच कोणी लिहून ठेवले आहे का. पोस्टफिक्सच्या लॉगचा दैनिक गोषवारा पीएफलॉगसम देतो. रांगेतले मेल कोणत्या डोमेनसाठी आणि किती वेळ अडकले आहेत, याचा तक्ता पोस्टफिक्ससोबत येणारा क्यूशेप दाखवतो. एक्झिमसोबत एक्झिमस्टॅट्स आणि एक्झिग्रेप येतात. डव्हकॉटचा डव्हअ‍ॅडमिन मेलबॉक्सची जवळपास सगळी कामे करतो. यांच्याभोवती दहा ओळींचे वेष्टन घातल्याने भागत असेल, तर नवा प्रोग्राम लिहिण्याची हौस दुसऱ्या कामासाठी राखून ठेवावी.

३. शेल: एका पडद्यावर मावेल तेवढेच

पहिले साधन बहुधा शेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या कमांडच्या भाषेतच, लिहिले जाते आणि त्यात काही चूक नाही. तीन-चार कमांड एकामागून एक चालवायच्या असतील, तर शेलसारखी सोय नाही. मर्यादा अशी ठेवावी, की स्क्रिप्ट पडदा न सरकवता पूर्ण दिसली पाहिजे, आणि चालू सर्व्हरवर नेण्याआधी ती शेलमधल्या चुका दाखवणाऱ्या शेलचेकमधून काढलीच पाहिजे.

शेलची खरी अडचण वेगाची नाही, बाहेरून येणाऱ्या मजकुराची आहे. ईमेल पत्त्यात ‘अ‍ॅट’च्या आधीच्या भागात डॉलरचे चिन्ह, एकेरी अवतरण, उभी रेघ, महिरपी कंस आणि बॅकटिक ही सगळी चिन्हे नियमाने चालतात. यातली बहुतेक चिन्हे शेलला आज्ञा वाटतात. प्रेषकाचा पत्ता काय असावा, हे जगातला कोणीही अनोळखी माणूस ठरवतो आणि तुमची स्क्रिप्ट बहुधा रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालत असते. तो पत्ता दुहेरी अवतरणांशिवाय वापरला तर स्क्रिप्ट मोडते. आणि ‘इव्हॅल’ला (मजकूर आज्ञा म्हणून चालवणाऱ्या कमांडला) किंवा दुसऱ्या शेलला जोडून दिला, तर सर्व्हर परक्याच्या ताब्यात जातो. ही भीती काल्पनिक नाही. २०१९ साली एक्झिमच्या ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांमध्ये जी गंभीर त्रुटी उघडकीस आली, तिचे मूळ प्राप्तकर्त्याच्या पत्त्यातील मजकुराचा विस्तार करून त्यातली आज्ञा चालवली जाण्यातच होते.

दुसरा सापळा रांगेच्या यादीचा. ‘मेलक्यू’ या कमांडची यादी माणसाने वाचण्यासाठी आहे: एका मेलची नोंद अनेक ओळींत पसरते, रांग-क्रमांकाच्या शेवटी कधी तारा तर कधी उद्गारचिन्ह येते, आणि त्यातून ऑक या मजकूर छाटणाऱ्या साधनाने शब्द उचलणाऱ्या स्क्रिप्टा हमखास चुकतात. पोस्टफिक्स ३.१ पासून ‘पोस्टक्यू’ या रांग दाखवणाऱ्या कमांडला ‘जे’ हा पर्याय दिला, की प्रत्येक मेलमागे एका ओळीत स्वच्छ जेसन (प्रोग्रामला सहज वाचता येणारी मांडणी) मिळते. शेलमध्ये ते जेक्यूने वाचावे, इतर भाषांत त्यांच्या जेसन लायब्ररीने.

रांगेतून मेल काढून टाकणाऱ्या स्क्रिप्टबाबत अधिक सावध राहावे. पोस्टफिक्सचे छोटे रांग-क्रमांक पुन्हा वापरले जातात. यादी वाचल्यापासून मेल काढणारी ‘पोस्टसुपर’ ही कमांड चालवेपर्यंत जुना मेल निघून गेला आणि तोच क्रमांक नव्या मेलला मिळाला, तर भलताच मेल नष्ट होऊ शकतो. पोस्टफिक्स २.९ पासून लांब रांग-क्रमांकांची सोय आहे. ती चालू करावी. मग मात्र जुन्या स्क्रिप्टांतील रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना ओळखणारी सूत्रे) तपासावे लागतात, कारण छोट्या क्रमांकात शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढेच असते, तर लांब क्रमांकात इतर अक्षरेही येतात आणि जुना प्रोग्राम त्या ओळी मुकाट्याने सोडून देतो.

४. पर्ल: वाचता यावी, नव्याने लिहायची सक्ती नाही

मेलच्या जगाचा मोठा भाग पर्लमध्ये लिहिलेला आहे. स्पॅमअ‍ॅसॅसिन, अमाविस या मेल गाळणाऱ्या व्यवस्था, वर उल्लेखलेले पीएफलॉगसम आणि क्यूशेप ही सगळी पर्लची मंडळी. शिवाय डेबियन या लिनक्स वितरणाच्या प्रत्येक यंत्रणेवर पर्लचा मूळ भाग असतोच. त्यामुळे पर्लचा प्रोग्राम उघडून तो काय करतो हे समजण्याइतकी आणि एखादी अट बदलण्याइतकी पर्ल यायलाच हवी. तीन-चार रविवार दिले तर तेवढी येते.

नवीन साधन पर्लमध्ये लिहावे का? तुम्हाला ती चांगली येत असेल तर बिनदिक्कत लिहा. लॉग वाचण्याच्या कामात ती अजूनही कोणाला हार जाणारी नाही. नव्याने शिकणाऱ्याला मात्र मी ती सुचवत नाही. तुमच्यानंतर ते काम घेणारा माणूस गोव्यात मिळण्याची शक्यता कमी आहे, एवढेच कारण पुरेसे आहे.

५. पायथन: कडेच्या साधनांसाठी पहिली पसंती

वाटेच्या कडेची बहुतेक साधने पायथनमध्ये लिहावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. एसएमटीपी, आयमॅप (मेलबॉक्स वाचण्याची पद्धत), मेलची रचना, मेलबॉक्सच्या फाइली, जेसन, आयपी पत्ते, एसक्यूलाइट या सगळ्यांसाठी लागणारे मॉड्यूल भाषेसोबतच येतात. महाविद्यालयांत पायथन शिकवली जाते, त्यामुळे साधन दुसऱ्याच्या हाती देणेही सोपे जाते. मेल-याद्या चालवणारी जीएनयू मेलमॅनसारखी जुनी, मोठी व्यवस्थाही पायथनमध्येच आहे.

ही शिफारस ज्या अटींसह येते, त्या अशा.

मेल नेहमी बाइट म्हणून वाचावा, मजकूर म्हणून नव्हे. एकाच मेलमध्ये वेगवेगळ्या भागांची अक्षरसंकेत-पद्धती वेगळी असू शकते आणि फाइल यूटीएफ-८ या एकाच संकेतात आहे असे गृहीत धरून उघडली, की प्रोग्राम कुठेतरी कोसळतो. मेल वाचताना ‘पॉलिसी डिफॉल्ट’ स्पष्टपणे द्यावी. ती दिली नाही, तर पायथन जुन्या सुसंगततेच्या पद्धतीने चालते आणि विषयाची ओळ सांकेतिक रूपातच हाती येते. बाहेरची कमांड चालवताना तिचे भाग यादी म्हणून द्यावेत आणि ‘शेल’ हा पर्याय कधीही चालू करू नये, नाहीतर तिसऱ्या पायरीत सांगितलेला धोका मागच्या दाराने परत येतो.

आवृत्त्यांचा प्रश्न अधिक त्रासाचा आहे. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्या काळातल्या स्क्रिप्टा अजून कुठे चालत असतील, तर आधी त्या बदलाव्यात. पायथन ३ मध्येही जुनी मॉड्यूल काढली जातात. चाचणीचा छोटा मेल सर्व्हर उभा करणारे ‘एसएमटीपीडी’ ३.१२ मध्ये गेले. त्याची जागा ‘एआयओएसएमटीपीडी’ने घेतली आहे. पासवर्डचा हॅश (मूळ पासवर्ड उघड न करणारे रूप) बनवण्यासाठी अनेक मेलबॉक्स-स्क्रिप्टांमध्ये वापरले जाणारे ‘क्रिप्ट’ ३.१३ मध्ये गेले. डेबियन १२ मध्ये पायथन ३.११ आहे आणि २०२५ साली आलेल्या डेबियन १३ मध्ये ३.१३, म्हणजे एका अपग्रेडमध्ये ही दोन्ही मॉड्यूल नाहीशी होतात. हॅश बनवण्याचे काम डव्हअ‍ॅडमिनच्या ‘पीडब्ल्यू’ कमांडकडे सोपवावे. तो डव्हकॉटला समजणाराच हॅश देतो आणि पायथन बदलली तरी काही बिघडत नाही. त्याच अपग्रेडमध्ये डव्हकॉट २.४ येतो, ज्याची मांडणीची फाइल २.३ शी सुसंगत नाही. ती फाइल स्वतः वाचणारी साधने तिथे मोडतात, म्हणून वेळापत्रक आखताना हे दोन्ही बदल एकत्र धरावेत.

आणखी एक अडथळा डेबियन १२ पासून सर्वांना भेटतो. पायथनच्या पिप या साधनाने लायब्ररी टाकायला गेले, की ‘ही यंत्रणा बाहेरून सांभाळली जाते’ अशा अर्थाचा नकार मिळतो. नेटवर शोधले, की तो नकार मोडून काढणारा पर्याय सापडतो. तो वापरू नका. लायब्ररी डेबियनच्या पॅकेजात असेल तर तिथून घ्यावी, नसेल तर प्रत्येक साधनासाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथन आणि लायब्ररींची स्वतंत्र जागा) बनवावे आणि क्रॉनमध्ये त्यातल्याच पायथनचा पूर्ण मार्ग द्यावा.

६. वाटेवरच्या साधनांसाठी गो, आणि त्याआधी लुआचा विचार

समजा, हॉटेलच्या फ्रंट ऑफिसचा पासवर्ड फुटला आहे आणि त्या खात्यातून रात्रभर हजारो फसवे मेल बाहेर जात आहेत. सकाळपर्यंत तुमचा आयपी पत्ता काळ्या यादीत पोहोचतो आणि ऐन हंगामात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्चच्या दरम्यान, पाहुण्यांना आरक्षणाची पुष्टी जात नाही. हे टाळण्यासाठी प्रत्येक लॉगिन-नावामागे तासाला अमुक इतकेच मेल, अशी मर्यादा घालणारी पॉलिसी सेवा हवी. ती वाटेवर उभी राहते, दिवसरात्र चालते आणि तिला एकाच वेळी अनेक जोडण्या सांभाळाव्या लागतात.

अशा सेवेसाठी गो ही भाषा मला सर्वांत सोयीची वाटते. २००९ साली गूगलने ती खुली केली आणि २०१२ च्या पहिल्या स्थिर आवृत्तीपासून जुना कोड चालत राहील, असे वचन पाळले गेले आहे. संकलन केल्यावर एकच फाइल मिळते. सीजीओ (सी भाषेच्या लायब्ररींशी जोडणारी सोय) बंद ठेवून ती बनवली, तर सर्व्हरवर दुसरे काहीही बसवावे लागत नाही. मडगावच्या मुख्य कार्यालयात बनवलेली फाइल फोंडा आणि म्हापशाच्या शाखांतील सर्व्हरवर नुसती कॉपी करायची. पाच-सहा सर्व्हर असतील, तर पायथनच्या लायब्ररींचा ताळमेळ राखण्यापेक्षा हे निश्चितच हलके आहे.

गोच्या मूळ संचातले एसएमटीपी पॅकेज गोठवलेले आहे, म्हणजे त्यात नवीन काही येणार नाही. मोठे काम असेल तर बाहेरची लायब्ररी लागेल. विषयाची ओळ उलगडणारा मूळ डीकोडर यूटीएफ-८, आयएसओ-८८५९-१ आणि अ‍ॅस्की एवढेच ओळखतो; बाकी संकेत त्याला वेगळे शिकवावे लागतात. हा मुद्दा गोव्यात किती लागतो, ते आठव्या पायरीत येते.

मात्र स्वतःची सेवा लिहिण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. सर्व्हरवर आरस्पॅमडी हा स्पॅम गाळणारा प्रोग्राम असेल, तर मेल वाहण्याच्या गतीवर मर्यादा घालण्याची सोय त्यात आधीच आहे आणि तिच्या पलीकडचे नियम लुआ या छोट्या भाषेत लिहिता येतात. वीस-तीस ओळींची लुआ पुरत असेल, तर नवा डिमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) सांभाळण्याचा व्याप कशाला?

रस्ट या भाषेचा आग्रह धरणारे मित्र सर्वत्र असतात. स्टॉलवर्टसारखा पूर्ण मेल सर्व्हर रस्टमध्ये लिहिला गेला आहे, त्यामुळे भाषेच्या क्षमतेबद्दल शंका नाही. पण कॅमेऱ्यांपासून मेलपर्यंत सगळे एकट्याने पाहणाऱ्याने पहिल्याच साधनासाठी तिच्या वाटेला जावे, असे मला वाटत नाही. सी भाषेत पोस्टफिक्स, एक्झिम आणि डव्हकॉट लिहिले गेले, ते त्यातल्या जाणकारांनी. देखभालीच्या साधनासाठी तिची गरज पडत नाही.

७. पीएचपी: फक्त पडद्यासाठी

पोस्टफिक्सअ‍ॅडमिन आणि राउंडक्यूब ही मेलबॉक्स सांभाळण्याची आणि मेल वाचण्याची वेब-पाने दोन्ही पीएचपीत आहेत, त्यामुळे त्यांच्यात बदल करण्यासाठी पीएचपी लागते. मनुष्यबळ विभागाला मेलबॉक्स बंद करण्याचे बटण हवे असेल, तर ते पीएचपीत करावे. पण त्या पानाने थेट रूटच्या कमांड चालवू नयेत. पानाने डेटाबेसात नोंद करावी आणि प्रत्यक्ष काम वेगळ्या स्क्रिप्टने उचलावे. पीएचपी ८.४ मधून आयमॅपचे एक्स्टेंशन मूळ संचाबाहेर काढले गेले आहे, हे जुन्या पानांचे अपग्रेड करताना लक्षात ठेवावे.

८. निवडलेल्या भाषेची परीक्षा खऱ्या मेलवर घ्या

भाषा ठरली, की तिच्यात विषयाची ओळ आणि प्रेषकाचे नाव छापणारा छोटा प्रोग्राम लिहा आणि त्याला पुढील नमुने द्या. गोव्यातल्या मेलपेटीत हे सगळे प्रकार खरोखर येतात.

पहिला नमुना जुवांव किंवा कॉन्सेसांव अशा नावाचा, जे रोमी लिपीत पोर्तुगीज वळणाने, अक्षरांवर-खाली चिन्हे देऊन लिहिलेले असते. जुन्या प्रोग्रामांतून आलेल्या मेलमध्ये ते आयएसओ-८८५९-१ मध्ये असते, नव्यांत यूटीएफ-८ मध्ये. दुसरा रशियन पाहुण्याचा, ज्यात विषय केओआय८-आर किंवा विंडोज-१२५१ या रशियन अक्षरांच्या संकेतांत असू शकतो. गोचा मूळ डीकोडर इथे अडतो, पायथन अडत नाही. तिसरा मराठी विषयाचा. सांकेतिक रूपातील विषयाचा एक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा लांब नसावा असा नियम आहे, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते आणि बेस-६४ या सांकेतिक लेखनात त्यांची ४ अक्षरे होतात. हिशेब केला तर एका तुकड्यात काना-मात्रा धरून जेमतेम १५ चिन्हे मावतात. ‘पणजी येथील आरक्षणाबाबत’ एवढा विषयसुद्धा दोन तुकड्यांत जातो. काही प्रोग्राम हा तुकडा अक्षराच्या मधोमध पाडतात, म्हणून तुकडे आधी बाइट म्हणून जोडून मग उलगडणारी लायब्ररी हवी.

चौथा नमुना देवनागरी पत्त्याचा. ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून मिळते आणि पोस्टफिक्सने ३.० या २०१५ च्या आवृत्तीत अशा पत्त्यांना आधार दिला, त्यामुळे पत्त्यात फक्त रोमी अक्षरेच असतील असे मानणारे रेग्युलर एक्स्प्रेशन आता चालत नाही. पाचवा नमुना रिकाम्या प्रेषकाचा, जो परत आलेल्या प्रत्येक मेलला असतो. त्याला ‘माहिती नाही’ समजून टाकून देणारे साधन परतीच्या मेलची मोजदादच करत नाही.

९. लॉगचे सापळे, जे भाषा बदलून सुटत नाहीत

सिसलॉग या लिनक्सच्या पारंपरिक लॉग-पद्धतीच्या नोंदीत वर्ष नसते. जानेवारीत डिसेंबरचा लॉग वाचणारे साधन त्या नोंदी येणाऱ्या डिसेंबरच्या समजते. परदेशी डेटा सेंटरमधला सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. फरक पूर्ण तासांचाच असतो असे मानणारा कोड अर्ध्या तासाने चुकतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि घड्याळे ठरलेल्या वेळ-सर्व्हरशी जुळवायची आहेत. म्हणून साधनाने जुन्या, दाबून ठेवलेल्या फाइलीही वाचल्या पाहिजेत.

मोजणीचा घोळ वेगळाच. एका मेलला चार प्राप्तकर्ते असले, की लॉगमध्ये प्रेषकाची एक आणि प्राप्तकर्त्यांच्या चार ओळी येतात. अमाविससारखी गाळणी मध्ये असेल, तर मेल पोस्टफिक्समध्ये दोनदा शिरतो, त्याला दोन रांग-क्रमांक मिळतात आणि साधे साधन आकडा दुप्पट दाखवते. ‘कालपेक्षा दुप्पट मेल गेले’ असा अहवाल व्यवस्थापनाकडे जाण्याआधी हे तपासावे.

पावसाळ्यात याला आणखी एक पदर येतो. वीज आणि लाइन गेली, की रांग फुगते आणि साधन धोक्याचा इशारा देते. पण खरी अडचण आपल्या लाइनची आहे की समोरच्याने नकार दिला आहे, हे त्याने सांगितले नाही तर इशाऱ्याचा उपयोग शून्य. लॉगमधील डीएसएन हा मेलची स्थिती सांगणारा आकडा वाचावा. ४ ने सुरू होणारा तात्पुरता, ५ ने सुरू होणारा कायमचा, ४.४.१ म्हणजे जोडणीच झाली नाही. एकाच वेळी सगळ्या डोमेनांसाठी ४.४.१ दिसू लागला, तर मेल सर्व्हरला हात न लावता आधी राउटरकडे जावे.

१०. साधन चालू सर्व्हरवर नेताना

कडेचे साधन आधी काही दिवस फक्त वाचण्याच्या अवस्थेत चालवावे: ते काय काढून टाकणार, काय बदलणार हे नुसते छापेल, करणार नाही. वाटेवरचे साधन आधी चाचणीच्या सबडोमेनपुरते जोडावे आणि ते मुद्दाम बंद करून पोस्टफिक्स काय उत्तर देतो ते स्वाक्सने पाहावे. साधन रूट म्हणून चालवायची गरज खरोखर आहे का, तेही इथेच तपासावे. लॉग वाचण्यासाठी ‘एडीएम’ गटातला साधा वापरकर्ता डेबियनवर पुरतो. फाइलीच्या सुरुवातीला साधन काय करते, कोणत्या आवृत्तीवर तपासले आणि बंद करायचे असेल तर पोस्टफिक्सच्या मांडणीतली कोणती ओळ काढायची, एवढे मराठीत किंवा इंग्रजीत लिहून ठेवावे.

इशारे कुठे जाणार, हे शेवटी ठरवावे लागते आणि नेमके तेच विसरले जाते. क्रॉन आपला सगळा मजकूर मेलने पाठवतो, तोही त्याच सर्व्हरवरून, ज्याच्या बिघाडाची बातमी द्यायची आहे. रांग अडकली, की तो इशाराही रांगेतच अडकतो. म्हणून रांग आणि डिस्क यांचे इशारे एसएमएसने किंवा दुसऱ्याच सेवेच्या पत्त्यावर, दुसऱ्याच मार्गाने पाठवावेत आणि महिन्यातून एकदा पोस्टफिक्स बंद ठेवून तो इशारा फोनवर खरोखर येतो का, ते पाहावे.